पुसट अक्षराचा शोध : लिनक्स संगणकावरील छपाई का बिघडते?

बंगळुरातील एका लहानशा मराठी ग्रंथालयाची आपण कल्पना करू. वार्षिक सभा जवळ आली आहे. ग्रंथपालांनी निमंत्रणाचा मजकूर संगणकावर तयार केला आणि प्रिंटरवर पन्नास प्रती काढल्या. पडद्यावर ‘सर्व सभासदांस सादर वंदन’ असे स्पष्ट दिसत होते. कागदावर मात्र अनुस्वार उमटलाच नाही आणि वंदनाचे वदन झाले. पुढे वार्षिक अहवालात ‘मंद’ प्रतिसादाचा ‘मद’ झाला. अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसत होत्या आणि सारा मजकूर करड्या रंगाचा आला होता.

अशा वेळी दोन निर्णय तत्काळ ऐकू येतात. एक म्हणतो, ‘कार्ट्रिज संपले, नवे आणा.’ दुसरा म्हणतो, ‘संगणकावर लिनक्स घातल्यापासून हे सुरू झाले, ते काढून टाका.’ दोन्ही निर्णय खरे असू शकतील; परंतु दोन्ही चौकशीवाचून दिलेले आहेत. पहिल्यात ग्रंथालयाचा पैसा जातो, दुसऱ्यात श्रम जातात, आणि दोष कदाचित तिसऱ्याच ठिकाणी राहतो. हा दोष कोठे आहे हे क्रमाने कसे शोधावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

अक्षराचा प्रवास

संगणकाचा सर्व कारभार पाहणारी जी मूलभूत आज्ञावली असते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. लिनक्स ही अशीच एक कार्यप्रणाली होय. तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केला. ती विनामूल्य मिळते आणि तिची अंतर्गत रचना कोणालाही पाहता येते; म्हणून अनेक शाळांतून व ग्रंथालयांतून ती वापरली जाते.

आपण छपाईची आज्ञा दिली म्हणजे अक्षर एकदम कागदावर जात नाही. त्याला तीन मुक्काम करावे लागतात. प्रथम लेखनाची आज्ञावली संपूर्ण पृष्ठाचे वर्णन तयार करते. हे वर्णन बहुधा पीडीएफ या रूपात असते. त्यात अक्षरांचे आकार रेषांनी व वक्रांनी सांगितलेले असतात. दुसऱ्या मुक्कामी ‘कप्स’ नावाची छपाई-व्यवस्था हे वर्णन हाती घेते आणि ‘ड्रायव्हर’ या दुभाष्याच्या साहाय्याने प्रिंटरला कळेल अशा भाषेत त्याचा अनुवाद करते. तिसऱ्या मुक्कामी प्रिंटर त्या अनुवादाप्रमाणे कागदावर ठिपके उमटवतो.

शेवटी सारे ठिपकेच असतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एका इंचात ६०० ठिपके उमटविणाऱ्या प्रिंटरला ए-४ आकाराच्या एका पृष्ठासाठी सुमारे साडेतीन कोटी जागांचा निर्णय करावा लागतो : येथे काळे की पांढरे? आता आपला अनुस्वार घेऊ. त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर आहे असे मानले, तर ६०० ठिपक्यांच्या मापाने तो सुमारे ११० ठिपक्यांचा बनतो. हेच माप इंचास १५० वर आणले, तर त्याच्या वाट्याला जेमतेम ७ ठिपके येतात. त्यांतील दोनचार फिके पडले की अनुस्वार नाहीसा झालाच. रोमन लिपीत असा सूक्ष्म अवयव क्वचितच असतो. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार आणि जोडाक्षरांचे सांधे यांवर अर्थ अवलंबून असतो. म्हणून छपाईचा दोष आपल्या लिपीत आधी दिसतो आणि अधिक बोचतो.

तीन कसोट्या

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी जाणता मुद्रक बिघाड दिसताच साऱ्या यंत्राला हात घालीत नसे. खिळा झिजला आहे, शाई कमी आहे, की दाब असमान आहे, हे तो एकेक करून पाहत असे. तीच पद्धत येथे चालते. मुक्काम तीन आहेत; म्हणून कसोट्याही तीन.

पहिली कसोटी प्रिंटरची. संगणकाशी जोडलेली तार काढून टाका आणि प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांनी चाचणी-पृष्ठ काढा. बहुतेक यंत्रांत ही सोय असते; तिची रीत यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेली असते. या पृष्ठाच्या निर्मितीत संगणकाचा काहीच भाग नाही. तेही पुसट आले तर दोष यंत्रात, शाईत किंवा कागदात आहे. लिनक्सला बोल लावण्याचे कारण नाही.

दुसरी कसोटी मजकुराची. छपाईच्या चौकटीत प्रिंटरऐवजी ‘फाइलमध्ये छापा’ हा पर्याय निवडून पीडीएफ तयार करा आणि ती पडद्यावर चौपट मोठी करून पाहा. तेथेही अक्षर दातेरी किंवा तुटके दिसले, तर दोष मूळ मजकुरात, चित्रात किंवा फॉन्टमध्ये आहे.

तिसरी कसोटी अनुवादाची. चाचणी-पृष्ठ स्वच्छ आहे, पीडीएफही स्वच्छ आहे, परंतु संगणकावरून काढलेली प्रत मात्र वाईट येते. अशा वेळी दोष मधल्या मुक्कामी, म्हणजे ड्रायव्हरमध्ये किंवा त्याला दिलेल्या सूचनांमध्ये असला पाहिजे.

या तीन कसोट्यांना दहा मिनिटे आणि दोन कागद पुरतात. त्यांच्याआधी काहीही विकत आणू नये.

दोष यंत्रात असेल तर

लेसर प्रिंटरमध्ये ड्रम नावाचा एक प्रकाशसंवेदी रूळ असतो. त्यावर विद्युत्भार दिलेला असतो. लेसरचा किरण जेथे पडतो तेथील भार बदलतो आणि तेथे टोनर, म्हणजे रंग मिसळलेली प्लास्टिकची अतिसूक्ष्म पूड, चिकटते. ही पूड कागदावर उतरते आणि तापलेल्या रुळांखाली वितळून कागदात पक्की बसते. ही क्रिया समजली की खुणा वाचता येतात. बोट फिरविताच अक्षर पुसले जात असेल, तर पूड नीट वितळलेली नाही. कागद जाड असून सूचना साध्या कागदाची दिली आहे काय, ते प्रथम पाहावे. पृष्ठाच्या एकाच भागात उभा फिका पट्टा असेल, तर टोनर संपत आला आहे किंवा असमान पसरला आहे. कार्ट्रिज बाहेर काढून आडवे धरून हळूच हलविल्यास आणखी काही पृष्ठे निघतात. एकच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते अंतर पट्टीने मोजावे. २४ मिलिमीटर व्यासाच्या रुळाचा परीघ सुमारे ७५ मिलिमीटर असतो. म्हणून तेवढ्या अंतराने येणारा डाग त्या मापाच्या रुळाकडे बोट दाखवितो. शाळेत शिकलेले परिघाचे सूत्र येथे असे उपयोगी पडते.

शाईच्या प्रिंटरची रीत निराळी. त्यात अतिसूक्ष्म छिद्रांतून शाईचे थेंब उडविले जातात. छिद्र वाळून बुजले की अक्षरांतून आडव्या पांढऱ्या रेघा जातात. उभ्या रेषा दुहेरी दिसू लागल्या तर छिद्रांची रांग सरकली आहे असे समजावे. पहिल्यावर उपाय सफाईचा, दुसऱ्यावर जुळणीचा. एचपी कंपनीच्या यंत्रांसाठी ‘एचपीलिप’ या संचातून लिनक्सवर दोन्ही कामे करता येतात. पुष्कळ यंत्रांत ती त्यांच्या स्वतःच्या बटणांनीही होतात. परंतु प्रत्येक सफाईत शाई खर्च होते. म्हणून दोनतीन वेळांपलीकडे ती करू नये.

हवेचाही विचार केला पाहिजे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस भरपूर असतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा कोरडी असते. पावसाळ्यात उघडा पडलेला कागद ओल शोषतो. त्यावर टोनर नीट उतरत नाही आणि कागद वळतो. कोरड्या दिवसांत कागदावर स्थिरविद्युत् साठून दोन कागद एकदम ओढले जातात आणि वापराविना पडलेल्या प्रिंटरची शाई छिद्रांत वाळते. उपाय साधे आहेत : कागदाचे पुडके वेष्टनातच ठेवावे आणि शाईच्या प्रिंटरवर आठवड्यातून एखादे रंगीत पृष्ठ काढावे.

एक सावधगिरी अवश्य पाळावी. लेसर प्रिंटरचे तापणारे रूळ हात भाजतील इतके उष्ण असतात. यंत्र बंद करून ते पुरते थंड झाल्यावाचून आत हात घालू नये. सांडलेली पूड थंड पाण्याने भिजविलेल्या फडक्याने टिपावी. गरम पाण्याने ती चिकटते.

दोष अनुवादात असेल तर

लिनक्सवर हा मधला मुक्काम उघडून पाहता येतो. बहुतेक संगणकांवर ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी रोमन लिपीत ‘लोकलहोस्ट’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि ६३१ ही संख्या टंकित केली म्हणजे कप्सचे पान उघडते. तेथे प्रिंटरचे नाव, त्याचा ड्रायव्हर आणि त्याला दिलेल्या सूचना दिसतात. चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, ड्रायव्हर त्याच यंत्राचा आहे काय? पुष्कळदा सर्वसाधारण ड्रायव्हर लावलेला असतो. त्याने छपाई होते, पण यंत्राची पूर्ण शक्ती वापरली जात नाही. अलीकडच्या अनेक प्रिंटरांना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. ते आपले गुण संगणकाला स्वतःच कळवितात. दुसरी, इंचास किती ठिपके अशी सूचना आहे? ती ६०० असावी. तिसरी, ‘मसुदा’ किंवा ‘टोनर बचत’ हा पर्याय चालू राहिला आहे काय? त्यात ठिपके मुद्दाम कमी किंवा फिके केले जातात. चौथी, कागदाचा आकार. कित्येकदा अमेरिकेतील ‘लेटर’ हा आकार निवडलेला असतो. त्याची उंची २७९ मिलिमीटर, तर ए-४ ची २९७. त्यामुळे पृष्ठ मावावे म्हणून सारा मजकूर सुमारे ९४ टक्के आकाराने छापला जातो. भूमितीच्या प्रश्नपत्रिकेतील १० सेंटिमीटरची रेषा पट्टीने मोजता ९.४ भरली, तर हाच दोष समजावा. विद्यार्थ्याचे उत्तर चुकेल आणि त्याचा अपराध काहीच नसेल.

दोष मजकुरात असेल तर

चित्र पडद्यावर सुंदर दिसले तरी कागदावर तसे उतरेल असे नाही. एक हजार ठिपके रुंदीचे छायाचित्र आठ इंचांवर ताणले, तर इंचास अवघे १२५ ठिपके उरतात. कोणताही प्रिंटर नसलेले ठिपके निर्माण करू शकत नाही. काळ्याऐवजी करड्या रंगात लिहिलेले अक्षर केवळ काळी शाई असलेला प्रिंटर विरळ ठिपक्यांनी भरतो. त्यामुळे त्याची कड दातेरी होते. मजकुराचा रंग निखळ काळा ठेवावा. तसेच पीडीएफ दुसऱ्या संगणकावर पाठवावयाची असल्यास फॉन्ट तिच्यातच समाविष्ट करावा; नाहीतर तेथे भलताच फॉन्ट घेतला जाऊन जोडाक्षरे फुटतात. युनिकोड पद्धतीचा, ‘लोहित देवनागरी’सारखा मुक्तपणे मिळणारा फॉन्ट वापरणे हिताचे.

एका अडलेल्या कागदाची गोष्ट

हा मधला मुक्काम उघडा का आहे, यामागे एक इतिहास आहे, आणि तो योगायोगाने प्रिंटरचाच आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा एक लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडकत असे. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत बदल करून, कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांना संगणकावर सूचना मिळेल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्यांना मिळाली नाही. मागूनही नकार आला. दोष दिसत होता, दुरुस्त करण्याची बुद्धी होती, पण दार बंद होते. या अनुभवाचा त्यांच्या विचारांवर खोल परिणाम झाला. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ हा मुक्त आज्ञावलींचा प्रकल्प जाहीर केला. पुढे लिनक्सचा गाभा या प्रकल्पाच्या साधनांशी जोडला गेला. कप्स ही व्यवस्था मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये रचावयास घेतली आणि १९९९ मध्ये ती लोकांपुढे आली.

बंगळुरात या विचाराला लवकर अनुयायी मिळाले. २००१ पासून तेथे ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद भरू लागली. तिची काही अधिवेशने भारतीय विज्ञान संस्थेच्या टाटा सभागृहात झाली. २००५ पासून ती ‘फॉस डॉट इन’ या नावाने भरली. जी यंत्रणा आपण वापरतो ती उघडून पाहता यावी, हे या चळवळीचे मूळ सूत्र होय.

आता आपल्या ग्रंथपालांकडे परत येऊ. त्यांनी तीन कसोट्या घेतल्या. प्रिंटरचे स्वतःचे चाचणी-पृष्ठ काळेभोर आले. पीडीएफ चौपट मोठी केली तरी अनुस्वार जागेवर होता. म्हणून त्यांनी कप्सचे पान उघडले. तेथे सर्वसाधारण ड्रायव्हर लावलेला होता, सूचना इंचास १५० ठिपक्यांची होती आणि टोनर बचतही चालू होती. तिन्ही बदलताच ‘सादर वंदन’ शुद्ध उमटले. कार्ट्रिज बदलावे लागले नाही. लिनक्सही काढावे लागले नाही. त्यांनी एका वहीत तारीख, खूण, कसोटी आणि उपाय अशी नोंद करून ती वही प्रिंटरशेजारी ठेवली. पुढच्या वेळी जो कोणी तेथे बसेल, त्याला आरंभापासून शोध करावा लागणार नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा आणि मग पुढे जावे, ही प्रयोगशाळेतील शिस्त होय. ती एका अनुस्वारासाठी वापरावयासही हरकत नाही. कारण त्या लहानशा ठिपक्यावरच वंदन आणि वदन यांतील अंतर अवलंबून असते.