कारागिरांच्या श्रेणी आणि संघदान : त्रिरश्मी ते मानमोडी

नाशिकच्या द्वारका चौकात दोन महामार्ग एकत्र येतात. मुंबईच्या दिशेस सात-आठ किलोमीटरवर त्रिरश्मी लेणी आहेत. पुण्याच्या दिशेस सिन्नर, संगमनेर, नारायणगाव मागे टाकल्यावर जुन्नरचा डोंगरी प्रदेश लागतो. त्रिरश्मीवर उपासक-उपासिकांची वर्दळ असते. जुन्नरच्या लेण्याद्रीवर गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनास असंख्य लोक जातात. ते स्थान मुळात भिक्खूंचा विहार आहे, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. मानमोडीच्या डोंगराकडे मात्र क्वचितच कोणी वळतो. ही दोन्ही स्थळे एकाच प्रवासात का पाहावीत, याचे विवेचन आम्ही येथे करीत आहोत.

त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष 42 चा प्राकृत लेख आहे. त्याने 3000 कार्षापण संघासाठी अक्षयनीवी म्हणून, म्हणजे मुद्दलास हात न लावता केवळ व्याज वापरावयाचे या अटीवर, गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी 2000 एका कोलिकनिकायाकडे, दरमहा शेकडा एक या दराने. 1000 दुसऱ्या कोलिकनिकायाकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. येथील कोलिक म्हणजे मासेमारी करणारे कोळी नव्हेत, तर विणकर होत. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज 240 कार्षापण होते. वर्षावासातील 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी अशीच ठेव ठेवली. ती स्वीकारणाऱ्यांत कुंभार व तेली यांच्या श्रेणी होत्या.

जुन्नर परिसरात 200 हून अधिक लेणी आहेत. तेथील शिलालेखांत वासकार म्हणजे बांबूकाम करणारे आणि कासाकार म्हणजे कांस्यकाम करणारे यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. आपला ‘कासार’ हा शब्द कांस्यकार या शब्दापासूनच आला आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. मानमोडीवरील काही चैत्यगृहे अपुरी राहिली आहेत. अभ्यासकास तीच अधिक बोलकी वाटतात; कारण तेथे पाथरवटाच्या छिन्नीचे घाव अद्याप स्पष्ट दिसतात आणि खोदकाम छताकडून खाली कसे उतरत गेले, हे समजते.

या लेखांवरून त्या काळी सामाजिक विषमता नव्हतीच, असे अनुमान काढणे शास्त्रीय ठरणार नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. भिक्खूंच्या चीवराची व औषधाची कायमची तरतूद विणकर, कुंभार व तेली यांच्या प्रामाणिकपणावर सोपविली गेली होती, आणि बांबू विणणाऱ्यांच्या श्रेणीवरही तोच विश्वास टाकला गेला होता. पुढे हेच व्यवसाय जन्माने बांधले गेले. बांबूकाम करणारा बुरूड समाज आज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली दाखवून दिले. विश्वासपात्र श्रेणी आणि हीन ठरविलेली जात यांमधील अंतर पाहिले म्हणजे त्या विचाराचा ऐतिहासिक अर्थ उमगतो. मंगलसुत्तात शिल्पाची गणना मंगलांमध्ये केली आहे, तीही याच संदर्भात ध्यानात घ्यावी.

जाणाऱ्यांनी हिवाळ्यात जावे आणि स्थानिक माहितगार सोबत घ्यावा. मानमोडीवर आग्या मोहोळे असतात. तेथे धूर करू नये, उदबत्तीही पेटवू नये. शिलालेखांना खडू वा तेल लावू नये. मुलांना सोबत नेऊन राजांच्या नावांबरोबर विणकर, कासार व बांबूकाम करणाऱ्यांची नोंदही वाचून दाखवावी. पूर्वजांच्या हातांना एके काळी किती मान होता, हे त्यांना लिखित पुराव्यासह कळेल.