कोर्लईची भाषा

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात मोडनिंब हे गाव आहे. समुद्र तेथून फार दूर. तरीही तेथील घराघरांत चावी, बादली, घमेले, पगार, बटाटा हे शब्द रोज कानी पडतात. हे सारे शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले. मराठीने ते इतके आपलेसे केले, की ते परके आहेत हे सांगूनही खरे वाटत नाही.

येथे मराठी ही मराठीच राहिली. तिने केवळ काही शब्द घेतले. परंतु भिन्न भाषा बोलणारे लोक दीर्घकाळ एकत्र राहिले, म्हणजे कधी कधी त्यांच्या व्यवहारातून एक नवीच भाषा जन्म घेते. प्रारंभी ती कामापुरती असते. पुढे मुले ती आईच्या मांडीवर शिकू लागली, की ती त्यांची मातृभाषा होते. अशा भाषेला ‘क्रिओल’ म्हणतात. अशी एक भाषा महाराष्ट्रातही आहे.

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या मुखाजवळ कोर्लई हे गाव वसले आहे. खाडीच्या पलीकडे रेवदंडा. तेथे १५२१ साली पोर्तुगीजांनी किल्ला बांधावयास घेतला आणि १५९४ साली त्यांनी कोर्लईची टेकडीही निजामशाहीकडून जिंकली. पोर्तुगीज शिपायांना आसपासच्या लोकांशी बोलणे भागच होते. काहींनी तेथेच संसार थाटले. १७४० साली हा मुलूख मराठ्यांकडे आला. पोर्तुगीजांची सत्ता गेली. त्यांच्या सहवासातून घडलेली भाषा मात्र राहिली. टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती जतन केली. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात. यातील ‘लिंग’ हा शब्द आपल्या व्याकरणातील नव्हे. पोर्तुगीज ‘लिंग्वा’ म्हणजे भाषा, त्यापासून तो झाला. ‘नो लिंग’ म्हणजे आमची भाषा.

या भाषेचे पहिले पाठ सोपे आहेत. ‘यो’ म्हणजे मी, ‘वो’ म्हणजे तू, ‘नो’ म्हणजे आम्ही. तो आणि ती या दोहोंसाठी ‘एल’ हा एकच शब्द आहे. शब्द बहुतेक पोर्तुगीज आहेत. पण वाक्याची बैठक पाहावी, तर ती मराठीच्या वळणाची! पोर्तुगीज मनुष्य शब्दांचा क्रम ‘मी खातो भात’ असा ठेवतो. कोर्लईचा मनुष्य मराठीप्रमाणे ‘मी भात खातो’ असा ठेवतो. पोर्तुगीजमध्ये ‘आहे गात’ असा क्रम, तर कोर्लईत ‘गात आहे’ असा. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तर या भाषेने ‘उ’काराने संपणारा एक निराळा वर्गच निर्माण केला आहे.

मग अशा भाषेला मोडकी पोर्तुगीज म्हणावे काय? मोडक्या वस्तूला नियम नसतो. या भाषेला तो आहे. तो मोडला, तर कोर्लईचे लहान मूलही चूक दाखवून देईल. क्लॅन्सी क्लेमंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या भाषेचा अभ्यास करून १९९६ साली तिच्या जन्मकथेवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. हैती देशात फ्रेंचपासून घडलेल्या क्रिओल भाषेला १९८७ च्या राज्यघटनेने फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचे स्थान दिले.

कोर्लईची भाषा बोलणारे लोक मात्र सुमारे एक हजारच आहेत. त्यांना मराठीही उत्तम येते. शाळेत व बाजारात तीच उपयोगी पडते. म्हणून ‘नो लिंग’चे आयुष्य तेथील घरांवर अवलंबून आहे. जोपर्यंत आई मुलाला या भाषेत हाक मारील आणि मूल तिला याच भाषेत उत्तर देईल, तोपर्यंतच ती जिवंत राहील. सत्ता गेल्यावरही जी भाषा पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली, ती केवळ बोलणाऱ्यांच्या मायेमुळे टिकली. भाषा लहान असली, तरी ज्यांची ती आहे त्यांना ती लहान नसते.