यमुना, इंदिरा आणि कायद्याचे दुसरे कलम

हेब्बाळच्या माझ्या घरात पुस्तकांच्या कपाटाची एक फळी गेली अकरा वर्षे दोन पुस्तकांसाठी राखून ठेवलेली आहे. एक मराठी, एक कन्नड. मराठीतली यमुना १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’ची, कन्नडमधली इंदिरा १८९९ सालच्या ‘इंदिराबाई’ची. पहिले पुस्तक बेळगावच्या आजोळहून माझ्याबरोबर आले. दुसरे आमच्या मजल्यावरच्या अक्कांनी दिले. त्या निवृत्त कन्नड शिक्षिका. माझ्या टेबलावरचे पुस्तक उचलून त्यांनी विचारले होते, “तुमच्याकडेही पहिली कादंबरी विधवेचीच?” तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्यांच्याकडे बसून, अडखळत, ओळीवर बोट ठेवून मी ‘इंदिराबाई’ वाचली.

‘यमुनापर्यटन’ला कादंबरी म्हणायचे की नाही, पहिल्या मराठी कादंबरीच्या मानासाठी ‘मुक्तामाला’ची बाजू किती भक्कम, हा वाद वाचकांना ठाऊक आहे. त्यात मला रस उरलेला नाही. ‘मिशनऱ्यांचे प्रचारपुस्तक’ हा शिक्काही जुनाच. पुस्तकात प्रचार आहे आणि तो लपवलेला नाही. पण तेवढे म्हणून पुस्तक मिटणाऱ्याने त्याचे पूर्ण नावसुद्धा नीट वाचलेले नसते. ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे ते नाव आहे.

त्यातला ‘निरूपण’ हा शब्द पाहा. तो कीर्तनातला, पोथीतला. पुस्तकाचे लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१चा, बेळगावचा, कासार घराण्यातला. १८५४ साली बेळगावातच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तीन वर्षांनी, पंचविशी नुकती ओलांडलेल्या या माणसाने विधवांचे हाल सांगायला शब्द निवडला तो बुवांच्या तोंडचा. धर्म सोडला तरी भाषा सुटली नव्हती. शब्दांशी त्यांचे नाते पुढे आयुष्यभर टिकले. मोल्सवर्थच्या अवाढव्य कोशाची आटोपशीर आवृत्ती त्यांनीच केली.

‘पर्यटन’ही नेमकेच. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि मुक्कामागणिक त्यांना विधवा भेटतात. कुणाची कहाणी कानावर येते, कुणाची डोळ्यांपुढे घडते. कथानक सैल आहे आणि संवाद मध्येच प्रवचनाकडे वळतात, हे मान्य. पण मला त्यात एक पाहणी दिसते. त्या काळात अशा बायकांपाशी जाऊन ‘तुझे काय झाले’ असे विचारणारे कुणी नव्हते. पदमनजींनी ते काम एका सुशिक्षित बाईकडे सोपवले. आणि अखेरीस विनायक मरतो, तेव्हा विचारणारीच त्या रांगेत जाऊन उभी राहते. केशवपनाचे भय आता तिचे स्वतःचे होते. पुढे ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

हे लग्न १८५७ साली छापून येते, त्याच्या आदल्याच वर्षी हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला होता. १८५६ चा पंधरावा. ईश्वरचंद्र विद्यासागरांची खटपट शाळेच्या पुस्तकात असते. कायद्याचा मजकूर मात्र कुणी वाचत नाही. मीही वाचला नव्हता. एका पावसाळी रविवारी सलग वाचायला बसलो. जेमतेम सात कलमे. पहिले कलम उदार आहे. पुनर्विवाह कायदेशीर, संतती औरस. दुसऱ्या कलमापाशी मी थांबलो. विधवेला पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीत पोटगीने, वारशाने, किंवा पुनर्विवाहाची स्पष्ट परवानगी न देता केवळ मर्यादित हक्क देणाऱ्या मृत्युपत्राने जो हक्क मिळाला असेल, तो तिने पुन्हा लग्न करताच संपतो. तो कसा संपतो, तर त्या क्षणी ती मेली असे धरून. मिळकत पुढच्या वारसांकडे जाते. तिसऱ्या कलमात तर पहिल्या नवऱ्याच्या नातलगांना तिच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमावा म्हणून कोर्टात जाण्याची वाट ठेवलेली आहे.

हे वाचल्यावर यमुनेचा शेवट मला वेगळा दिसू लागला. समाजसुधारकांनी जिंकलेली लढाई म्हणून आपण ज्या कायद्याकडे पाहतो, त्याने विधवेला नवा संसार दिला आणि जुन्या घरातून रिकाम्या हाताने बाहेर काढले. ज्या बाईला माहेर नाही, कमाई नाही, तिने उडी घ्यायची ती कशाच्या आधारावर? पदमनजींनी आधार दाखवला तो नव्या धर्ममंडळीचा. तो पटो न पटो, आधाराचा प्रश्न त्यांनी टाळला नाही.

कायदा करणाऱ्यांच्या स्वतःच्या घरीही फार उजेड नव्हता. इंग्लंडात सामान्य माणसाला कोर्टातून घटस्फोट मिळण्याची सोय १८५७ सालीच झाली. तीही नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार पुरे, पत्नीला मात्र व्यभिचाराखेरीज आणखी काही सिद्ध करावे लागे, अशी.

आता इंदिरेकडे येतो. ‘इंदिराबाई’चे लेखक गुलवाडी वेंकटराव पोलिस खात्यातले, सारस्वत, घरात कोकणी, लिहिले कन्नडमध्ये. पुस्तक छापले मंगळूरच्या बासेल मिशनच्या छापखान्यात. गंमत नव्हे, मला हे फार महत्त्वाचे वाटते, की मिशनच्या छापखान्यातून निघालेली इंदिरा ख्रिस्ती होत नाही. ती ढोंगी संतमंडळींच्या विळख्यातून सुटते, अमृतरायांच्या आश्रयाला जाते, शिकते आणि विलायतेहून शिकून आलेल्या भास्कराशी लग्न करते. यमुना आणि इंदिरा यांच्यात बेचाळीस वर्षे आहेत. त्या काळात समाजात राहूनच वाट काढता येईल असे लिहिण्याचे बळ लेखकाला आले होते.

हे बळ कुठून आले? १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरवले. या शेवटच्या घटनेपाशी मी नेहमी रेंगाळतो. ज्यांच्या हाताने हे काम होत आले, तेच हात मागे घेतले गेले.

आणि पंडिता रमाबाई. ‘यमुनापर्यटन’ निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्याही देशभर हिंडल्या, विधवा झाल्या, ख्रिस्ती झाल्या. यमुनेच्या वाटेवरून जणू एक जिवंत बाई चालत गेली. फक्त शेवटी तिने दुसरे लग्न केले नाही. १८८९ साली तिने शारदासदन उघडले आणि आधाराच्या प्रश्नाला स्वतःचे उत्तर दिले. मला ते तिन्ही उत्तरांत श्रेष्ठ वाटते, कारण त्यात कुणा भास्कराची वाट पाहावी लागत नाही.

अक्कांना मी दुसऱ्या कलमाचे मराठी करून सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या आत्याने दुसरे लग्न केले नाही, ते शेतासाठी. आम्ही तिला भित्री म्हणायचो.”

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने या कलमाची धार गेली. १८५६ चा मूळ कायदा मात्र रद्द झाला तो १९८३ साली.