लोभ आणि त्याचे मध्यस्थ

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' 1899 साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून जरठ-कुमारी विवाहाचा निषेध करणारे नाटक अशीच त्याची ओळख आपल्या मनात ठसली आहे. ती ओळख चुकीची नाही; परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते नाटक एका सौद्याची हकीकत म्हणून वाचावे. पाऊणशे वयाचा धनिक भुजंगनाथ हा गिऱ्हाईक, पैशासाठी पोटच्या मुलीला त्याच्या गळ्यात बांधायला निघालेला कांचनभट हा विक्रेता, आणि या दोघांची गाठ घालून देणारा भद्रेश्वर दीक्षित हा दलाल. नाटकातील लोभाचे खापर आपण कांचनभटाच्या माथी फोडतो. त्याचे नावच देवलांनी तसे ठेवले आहे. पण सौदा हालवतो तो भद्रेश्वर. तो नसता तर एकाची वासना आणि दुसऱ्याची हाव आपापल्या घरात कुजत पडली असती.

या नाटकातील आणखी एक गोष्ट समीक्षकांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही. हा विवाह मोडतो तो मुलीची विक्री होत आहे म्हणून नव्हे. वधू आणि वर सगोत्र निघतात म्हणून. विक्रीची कुणकुण सर्वांना होती, तिच्यावर हळहळणारेही होते. पण मांडव उठला तो तांत्रिक दोषावर. आपला समाज लोभाला अडवीत नाही, लोभाच्या कागदपत्रांतील त्रुटीला अडवितो, हे देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून ठेवले आहे.

त्याच शतकात, 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. त्यांना हवी होती ती कर्जखते, आणि ती हाती पडताच त्यांनी जाळली. त्या दंग्यांतून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पुढे 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि त्या वाटेने कालांतराने जिल्हा मध्यवर्ती बँका उभ्या राहिल्या. सावकाराच्या लोभावर काढलेला उतारा म्हणजे सहकारी बँक, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या उताऱ्याचे आमच्या नागपूर जिल्ह्यात काय झाले, ते आता सर्वश्रुत आहे. 2001-02 च्या सुमारास व्याजदर उतरत होते. व्याजदर उतरले की जुन्या, अधिक व्याजाच्या सरकारी रोख्यांची किंमत चढते, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. बँकांना कायद्याने ठेवींचा काही भाग अशा रोख्यांत ठेवावाच लागतो. तेव्हा जे कर्तव्य म्हणून करायचे त्यातच नफाही दिसू लागला, आणि नफा दिसताच दलाल हजर झाले. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेड व अन्य दलाल कंपन्यांमार्फत रोखे खरेदीसाठी शंभर कोटींहून अधिक रक्कम गुंतविली. पैसे गेले, रोखे मात्र बँकेच्या हाती आले नाहीत. वर्धा आणि उस्मानाबाद येथील जिल्हा बँकाही होम ट्रेडच्या या व्यवहारांत पोळल्या. होम ट्रेडच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर आणि शाहरुख खान झळकत होते. भद्रेश्वर दीक्षिताला निदान स्वतःच्या जिभेवरच भिस्त ठेवावी लागली होती!

2002 साली प्रकरण बाहेर आले, आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांचे सरकारी रोखे कागदी स्वरूपात न ठेवता खात्यावर नोंदविण्याचा दंडक घातला. हा दंडक अगोदर असता तर हे घडणे कठीण होते. न्यायालयाचा निकाल लागला तो डिसेंबर 2023 मध्ये. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष व माजी मंत्री सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली, तिघे निर्दोष सुटले. निकालाविरुद्ध अपील होऊन जानेवारी 2024 मध्ये उच्च न्यायालयाने केदार यांना जामीन दिला. दरम्यान 2012 साली रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा येथील जिल्हा बँकांना नव्या ठेवी घेण्यास मनाई केली होती. तिन्ही बँकांच्या दुरवस्थेचे कारण एकच नव्हते, हे मान्य; परंतु पेरणीच्या तोंडावर सोसायटीच्या दारातून रित्या हाताने परतणारा शेतकरी पुन्हा कोणाकडे वळत असेल, हे सुप्याचा इतिहास वाचलेल्यास सांगावयास नको.

तो शेतकरी तर निरुपाय होऊन फसला. आमचे, म्हणजे पांढरपेशांचे, काय? श्रीसूर्य आणि वासनकर ही प्रकरणे नागपुरात 2013 आणि 2014 साली उघडकीस आली. तेथे पैसे गुंतविणाऱ्यांत शिकलेले, पेन्शन घेणारे, टक्केवारीचे गणित वर्गात शिकवू शकतील असे लोक होते. ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा 1999 पासून अस्तित्वात होता. पण कायदा धावून येतो तो परतावा थांबल्यावर. परतावा अवाच्या सवा मिळत असतो तेव्हा तक्रार कोण करणार? त्या काळात मिळणाऱ्या प्रत्येक हप्त्याबरोबर ठेवीदार स्वतःच एक लहानसा भद्रेश्वर होतो. शेजाऱ्याला सांगतो, मेव्हण्याला सांगतो, शिक्षकांच्या खोलीत सांगतो. त्याची नियत वाईट नसते. आपले भले झाले तसे इतरांचे व्हावे, एवढेच त्याला वाटत असते. फसवणुकीच्या धंद्याला याहून स्वस्त प्रचारक मिळणे अशक्य.

विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' 1970 साली रंगमंचावर आले तेव्हा त्यातील हिंसेने प्रेक्षक हादरले. बापाला पैशासाठी मारझोड करणारी मुले पाहून अशी माणसे असतात का, असे विचारले गेले. मला त्या नाटकातील मारहाणीपेक्षा तिच्यामागची परंपरा अधिक महत्त्वाची वाटते. बापाने स्वतःच्या भावाला फसवून मिळकत केली होती. मुले तोच धंदा घरात चालवीत होती, इतकेच. ठेवयोजना बुडाल्यावर ज्याने मेव्हण्याला शिफारस केली आणि ज्या मेव्हण्याने ती ऐकली, त्या दोन घरांमध्ये पुढे काय घडते, यावर मात्र मराठीत नाटक लिहिले गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. बुडालेल्या रकमेचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. मोडलेल्या सोयरिकींची मोजदाद कोणी करीत नाही.

कोराडीला या विषयाचे वेगळे महत्त्व आहे. येथे 1974 पासून वीज तयार होते, आणि कारखान्याच्या गावी नियमाने घडते तसे दरवर्षी काही माणसे एकदम मोठी रक्कम हातात घेऊन निवृत्त होतात. भविष्य निर्वाह निधी आणि उपदान मिळून आयुष्यात प्रथमच लाखांचा आकडा दिसतो. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, गावाकडचे घर, सगळे त्याच आकड्यात बसवायचे असते; पोस्टाच्या व्याजात ते बसत नाही. याला लोभ म्हणणे मला जड जाते. पण ही गरज कोणाच्या घरात कोणत्या महिन्यात उभी राहणार, याची खबर दलालाला असते. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीतही तो असतो, वसाहतीतल्या निरोपसमारंभातही असतो. बहुधा तो ओळखीचाच असतो. पुष्कळदा गेल्या वर्षी निवृत्त झालेला सहकारीच.