सायरस फील्डची दोन साहसे

हिंदुस्थानातील सत्तावनच्या बंडासाठी कुमक हवी म्हणून ब्रिटिश उत्तर अमेरिकेतील ६२ व ३९ क्रमांकांच्या पलटणींनी मायदेशी परतावे असा हुकूम लंडनहून टपालाने सुटला होता. पुढे बंडाचा जोर ओसरला आणि १८५८ च्या ऑगस्टअखेरीस तो हुकूम रद्द झाल्याचा निरोप अटलांटिक महासागराच्या तळाशी नुकत्याच टाकलेल्या तारेवरून वेळीच पलीकडे पोहोचल्यामुळे ब्रिटिश खजिन्याचे सुमारे पन्नास हजार पौंड वाचले. ही कामगिरी बजावून ती तार लवकरच कायमची मुकी झाली. तिच्यासाठी ज्याने आपले द्रव्य, प्रकृती आणि पत ही तिन्ही पणाला लावली, तो सायरस वेस्ट फील्ड शास्त्रज्ञ नव्हता की यंत्रविशारदही नव्हता. तो न्यूयॉर्कचा एक कागदाचा व्यापारी होता.

मॅसॅच्युसेट्समधील स्टॉकब्रिज गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी १८१९ साली जन्मलेला फील्ड पंधराव्या वर्षी न्यूयॉर्कला येऊन ए. टी. स्ट्यूअर्टच्या कापडाच्या दुकानात उमेदवारी करू लागला. पुढे ज्या कागदाच्या पेढीत तो भागीदार झाला तिचे दिवाळे निघाले. धनकोंशी तडजोड होऊन कायद्याच्या दृष्टीने सारे मिटलेले असतानाही, हाती पैसा येताच त्याने त्यांची बाकी व्याजासह चुकती केली. त्याच्या चरित्राची किल्ली मला याच व्यवहारात दिसते. समुद्राने एकामागून एक तारा गिळल्यावरही दोन्ही खंडांतील सावध माणसे त्याच्या शब्दावर पुन्हा थैली सैल करीत, त्याचे कारण दुसरे कोणते असणार?

१८५४ मध्ये न्यूफाउंडलंडमधून तारायंत्राची वाट काढू पाहणारा गिझबोर्न हा इंग्रज अभियंता त्याला भेटला, आणि ती वाट तेथे न थांबता थेट आयर्लंडपर्यंत का नेऊ नये, हा विचार फील्डच्या मनाने घेतला. पीटर कूपरसारखे धनिक शेजारी सोबत आले. १८५६ मध्ये लंडनला साडेतीन लाख पौंड भागभांडवलाची अटलांटिक टेलिग्राफ कंपनी उभी राहिली, तेव्हा त्यातील सुमारे चौथा हिस्सा त्याने स्वतःच्या नावे घेतला. अमेरिकेच्या सेनेटात या कामाच्या साहाय्याचा ठराव केवळ एका मताने तरला.

१८५७ मध्ये तार सुमारे दोन हजार वाव खोल पाण्यात तुटली. पुढल्या वर्षी ‘नायगारा’ व ‘अ‍ॅगमेम्नॉन’ या युद्धनौकांनी भरसमुद्रात टोके जोडून परस्परविरुद्ध दिशांना प्रस्थान केले आणि अनेक अपयशांनंतर ५ ऑगस्ट रोजी तार पुरी झाली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जाण्यास सोळा तास लागले, तरी न्यूयॉर्क आनंदाने इतके बेभान झाले की, दारूकामाच्या ठिणग्यांनी नगरभवनाचा घुमटच पेटला. परंतु क्षीण संदेशावर विजेचा दाब वाढविणे हाच उपाय, असे मानणाऱ्या कंपनीच्या विद्युत्तज्ञ व्हाइटहाउसने आधीच सदोष असलेल्या तारेवर सुमारे दोन हजार व्होल्टांचा मारा केला आणि तिचे गटापर्च्याचे आवरण निकामी झाले. काल जयजयकार करणारे लोक आता ही सारी लबाडीच होती असे बोलू लागले.

तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानाकडे टाकलेली तारही पाठोपाठ फसली, तेव्हा सरकार व कंपनी यांनी संयुक्त चौकशी समिती नेमली. तिच्या साक्षीपुराव्यांतून जाड वाहक, उत्तम आवरण आणि शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांचे क्षीण संदेश टिपणारे सूक्ष्मग्राही उपकरण यांची महती सिद्ध झाली. अमेरिकेत यादवी पेटलेली असतानाही फील्ड भांडवलासाठी पुनःपुन्हा महासागर ओलांडत राहिला. १८६५ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजावरून सुमारे बाराशे मैल तार टाकून झाल्यावर ती तुटून तळाशी गेली. १८६६ च्या २७ जुलैला मात्र त्याच जहाजाने नवी तार न्यूफाउंडलंडच्या हार्ट्स कंटेंट बंदरात सुखरूप उतरविली; इतकेच नव्हे, तर परत जाऊन दोन मैलांहून अधिक खोलीवरून गतवर्षीची हरवलेली तार आकड्याने वर ओढली व तीही पुरी केली. केवळ भांडवलदाराच्या दृष्टीने पाहिले तर ही दुसरी खटपट अनावश्यक वाटावी, पण माझ्या मनात आदर उपजतो तो विशेषेकरून तिच्याविषयी. हेच जहाज १८७० मध्ये मुंबई बंदरात आले आणि येथून एडनकडे तार टाकीत निघाले.

फील्डचे दुसरे साहस जमिनीवरचे होते. १८७७ मध्ये त्याने न्यूयॉर्क एलेव्हेटेड रेल्वे कंपनीची सूत्रे हाती घेतली. घोड्यांच्या ट्रामगाड्यांनी तुंबलेल्या मॅनहॅटनच्या अरुंद बेटावर रस्त्याच्या वर लोखंडी खांबांवरून धावणाऱ्या वाफेच्या गाड्या हाच त्या वेळचा शीघ्र मार्ग होता. त्यांची राख व काजळी खालच्या लोकांवर पडे, हे खरे, पण पुढल्याच वर्षी थर्ड अ‍ॅव्हेन्यूचा मार्ग सुरू झाला आणि दूरच्या वस्तीत राहणाऱ्या नोकरदाराला कामाचे ठिकाण जवळ आले. मॅनहॅटन रेल्वे कंपनीने प्रतिस्पर्धी मार्ग एका छत्राखाली आणल्यावर तिची सत्ता जे गूल्ड या धूर्त धनाढ्याकडे गेली. गर्दीच्या वेळा सोडून आकारले जाणारे दहा सेंटांचे भाडे सरसकट पाच करावे, असा आग्रह फील्डने धरला व १८८६ मध्ये तो तडीस नेला. दुर्दैवाने याच कंपनीचे शेअर कर्ज काढून तो अपरंपार विकत घेत गेला. समुद्राशी झुंजताना जी चिकाटी उपकारक ठरली, तीच शेअर बाजारात घातक झाली. कारण तेथे तारण कमी पडताच सावकार वाट पाहत नाही. जून १८८७ मध्ये भाव कोसळले, त्याचे शेअर गूल्डने उतरत्या दराने घेतले आणि फील्डची बहुतेक संपत्ती गेली. १८९१ मध्ये पत्नी निवर्तली, मुलाची पेढी बुडाली. १२ जुलै १८९२ रोजी त्याचे देहावसान झाले.

न्यूयॉर्कच्या नगर रेल्वेचे पाच सेंटांचे भाडे त्यानंतरही १९४८ पर्यंत टिकले.