टन तेवढेच, वाटा मात्र कमी

आयर्लंडने 1990 साली सुमारे साडेपाच कोटी टन हरितगृह वायू हवेत सोडले. 2023 साली सोडले तेही जवळजवळ तेवढेच. मधल्या तेहतीस वर्षांत जगाच्या उत्सर्जनातला त्याचा वाटा मात्र सहाशेत एक होता, तो हजारात एकच्या जवळ आला!

हे घडले कसे? वाटा म्हणजे भागाकार, आणि छेदस्थानी सारे जग बसलेले आहे. 1990 मध्ये जगाचे उत्सर्जन 3,300 कोटी टनांच्या आसपास होते, ते आता 5,300 कोटींच्या घरात आहे. चीन आणि आशियातले इतर देश वाढले, कारखाने उभे राहिले, घराघरांत वीज पोचली. त्या वाढीने आयर्लंडचा वाटा आपोआप आक्रसला. तेथे मधल्या काळात काही घडलेच नाही असेही नाही. भरभराटीच्या दिवसांत, 2001च्या सुमारास, आकडा सात कोटींपर्यंत चढला होता आणि मग उतरला. सुरुवात आणि शेवट एवढेच पाहणाऱ्याला हा डोंगर दिसतच नाही.

आता शेजारी डेन्मार्क ठेवू. लोकसंख्या तशीच, पन्नास-साठ लाखांची. लोणी आणि दुधासाठी दोन्ही देश नावाजलेले. डेन्मार्कचे उत्सर्जन मात्र सुमारे सात कोटी टनांवरून चार कोटींवर आले. येथे अंश खरोखरच घटला. 1990 मध्ये तिथली बहुतेक वीज कोळशावर तयार होई. पुढच्याच वर्षी व्हिंडेबीजवळ समुद्रात अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. साऱ्यांची मिळून क्षमता जेमतेम 5 मेगावॉट, पण समुद्रातला जगातला पहिला पवनऊर्जा प्रकल्प तोच. आज डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते.

डेन्मार्कच्या उत्सर्जनाच्या आलेखात 1996चे एक टोक मला फार विलक्षण वाटते. त्या वर्षी नॉर्वे आणि स्वीडनमध्ये पाऊस कमी पडला, धरणांवरची वीज अपुरी पडली आणि डेन्मार्कने कोळसा जाळून शेजाऱ्यांना वीज विकली. पाऊस हुकला एकीकडे, धूर नोंदला गेला दुसऱ्याच देशाच्या नावावर!

आता परत आयर्लंडकडे. तिथे माणसांपेक्षा गुरे जास्त. गाय चरते, रवंथ करते, तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव गवत आंबवताना मिथेन तयार करतात आणि तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात एक टन मिथेन सुमारे 28 टन कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक धरतात. 2015 मध्ये युरोपातली दूध उत्पादनाची मर्यादा उठली आणि आयर्लंडमधल्या दुभत्या गाई वाढल्या. देशाच्या उत्सर्जनात शेतीचा वाटा आज 38 टक्क्यांच्या आसपास आहे.

डेन्मार्कमध्ये शेतीचे उत्सर्जन 1990च्या तुलनेत कमी झाले आहे. तरी देशाच्या उत्सर्जनातला तिचा वाटा तेव्हा पाचव्या हिश्शाच्या आसपास होता, तो आता चौथ्या हिश्शाहून मोठा आहे, कारण विजेचा धूर त्याहून वेगाने ओसरला. 2030पासून गुराढोरांच्या उत्सर्जनावर कर लावायचे तिथे ठरले आहे. आयर्लंडच्या मनीपॉइंट वीज केंद्रानेही जून 2025 मध्ये कोळसा जाळणे थांबवले. विजेच्या उत्सर्जनाचा आकडा असाच उतरत गेला, तर एकही गाय न वाढता तिथल्या गोठ्यांचा टक्का वाढत जाईल.