‘बीप’ झालं की पैसे कटले!

गाडीच्या काचेवर आतून चिकटवलेला तो कागदी चौकोन. आपण त्याच्याकडे वर्षानुवर्षं ढुंकूनही बघत नाही. पण तो मात्र आपल्याला प्रत्येक टोलनाक्यावर ओळखतो! हा स्टिकर आपल्या काचेवर आला कसा, त्याचे नियम काय आणि त्याच्याकडे आपली किती माहिती आहे?

सोमवारी पहाटे पुण्याहून निघायचं, दहाच्या मीटिंगला बीकेसीत पोचायचं आणि शुक्रवारी रात्री उलटा प्रवास. आमच्यासारख्या ‘वीकेंड पुणेकरां’ना तळेगाव आणि खालापूरचे टोलनाके सोसायटीच्या गेटइतके ओळखीचे झालेत. पूर्वी या नाक्यांवर सुट्ट्या पैशांची शोधाशोध, पावती, मागच्याचा हॉर्न असा सगळा तमाशा असायचा. आता ‘बीप’ वाजतं, दांडा वर जातो, मोबाइलवर मेसेज येतो. काम फत्ते! त्या एका ‘बीप’मागे वीस वर्षांचं संशोधन आणि सरकारी निर्णय आहेत, हे मात्र आपल्या गावीही नसतं.

बॅटरी नाही, तरी बोलतो कसा?

फास्टॅगमागचं तंत्रज्ञान म्हणजे आरएफआयडी, अर्थात रेडिओलहरींनी वस्तू ओळखणं. स्टिकरच्या आत एक इवलीशी चिप आणि धातूचा पातळ अँटेना असतो. बॅटरी अजिबात नाही. नाक्यावर डोक्यावर बसवलेला रीडर रेडिओलहरी सोडतो, त्याच लहरींतून चिप स्वतःपुरती वीज मिळवते आणि आपला नंबर परत पाठवते. बस्स! पैसे स्टिकरमध्ये नसतातच. ते बँकेच्या वॉलेटमध्ये असतात. स्टिकर फक्त म्हणतो, ‘मी अमुक नंबरचा’. ऑफिसच्या गेटवर टेकवायचं कार्ड आणि नव्या पासपोर्टमधली चिप ही याचीच भावंडं. फक्त ती जवळून बोलतात, हा काही मीटरवरून.

म्हणूनच २०२२ मध्ये फिरलेला तो व्हिडिओ आठवा. सिग्नलवर काच पुसणारा मुलगा मनगटावरच्या घड्याळाने फास्टॅगमधले पैसे ‘चोरतो’! एनपीसीआयने तेव्हाच खुलासा केला होता की हे शक्य नाही. फास्टॅगमधून पैसे फक्त नोंदणी झालेल्या टोलनाक्याकडे किंवा पार्किंगचालकाकडे जातात. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याची सोयच या यंत्रणेत नाही. तरी तो व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून उगवतोच.

स्वस्त आणि मस्त

ही गोष्ट सुरू होते २००५ मध्ये. अमेरिकेत असे टॅग ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. आपल्याकडे त्या पट्ट्याचा मोठा भाग मोबाइल फोनकडे होता. मग सरकारने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या आरएफआयडी उपकरणांसाठी परवानामुक्त केला. वरवर कंटाळवाणी वाटणारी ही अधिसूचना आली नसती तर प्रत्येक रीडरसाठी वेगळा परवाना काढत बसावं लागलं असतं.

दुसरं वळण २०१० चं. राष्ट्रीय महामार्गांवर कोणतं तंत्रज्ञान वापरायचं, हे ठरवायला नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. युरोपात बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र गाडीत बसवण्याची पद्धत होती. उत्तम, पण महाग. समितीने कौल दिला बिनबॅटरीच्या स्टिकरला. हिशेब साधा होता. लाखो रुपयांच्या एसयूव्हीपासून जुन्या टेम्पोपर्यंत प्रत्येकाला परवडेल, कोणत्याही कंपनीचा टॅग कोणत्याही कंपनीच्या रीडरवर चालेल आणि काश्मीर ते कन्याकुमारी एकच टॅग पुरेल.

पुढे २०१४ मध्ये फास्टॅग अवतरला. डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकीला तो सक्तीचा झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर ‘टॅग नसेल तर दुप्पट टोल’ सुरू झाला. महाराष्ट्रात राज्य रस्ते विकास महामंडळाच्या नाक्यांवर ही सक्ती १ एप्रिल २०२५ ला आली. सरकारी आकडेवारीनुसार देशात ८ कोटींहून जास्त वापरकर्ते झालेत आणि नाक्यावरची सरासरी थांबण्याची वेळ ४७ सेकंदांवर आली. लाँग वीकेंडला लोणावळ्याला निघालेल्यांनी या आकड्यावर हसू नये, ती सरासरी आहे!

‘साहेब, रिव्हर्स घ्या!’

आता दुसरी बाजू. गेल्या पावसाळ्यात एका राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यावर माझा टॅग रीड होईना. वॉलेटमध्ये पैसे होते, टॅग चालू होता, आदल्याच नाक्यावर ‘बीप’ झालं होतं.

‘साहेब, जरा रिव्हर्स घ्या.’

‘दादा, मागे वीस गाड्या आहेत. कुठे घेऊ रिव्हर्स?’

मग तो हातातलं मशिन घेऊन आला. तेही चालेना. माझ्या पुढच्या दोन गाड्यांचंही तेच झालं होतं. म्हणजे बिघाड त्यांच्याकडे. तरी उत्तर ठरलेलं, ‘कॅश द्या साहेब. डबल लागंल.’

२०१८ मध्ये राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या नियमांत दुरुस्ती झाली. टॅग वैध आणि चालू असेल, खात्यात पुरेसे पैसे असतील आणि नाक्याच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे पैसे कापले गेले नाहीत, तर गाडी एक रुपयाही न घेता सोडायची आणि ‘शून्य व्यवहारा’ची पावती द्यायची. मी हे त्या दादांना सांगितलं. तो बिचारा म्हणाला, ‘असेल साहेब, पण आम्हाला वरून तसं सांगितलेलं नाय.’ मी १०३३ हा हेल्पलाइन नंबर लावला, फोन स्पीकरवर ठेवला आणि दहा मिनिटांनी सुपरवायझर आला. गाडी सुटली, शून्याची पावतीही मिळाली. पण मागच्या रांगेतल्या कित्येकांनी तोवर मुकाट्याने दुप्पट भरले होते.

मुद्दा माझ्या टोलचा नाहीच. दिल्लीत नियम होतो आणि तो नाक्यावरच्या माणसापर्यंत पोचत नाही, तेव्हा दंड भरतो आपण. उलट जे नियम संपलेत ते मात्र व्हॉट्सॲपवर अमर आहेत. ‘शंभर मीटरपेक्षा लांब रांग असेल तर टोल माफ’ हे २०२१ चं मार्गदर्शक तत्त्व होतं खरं, पण महामार्ग प्राधिकरणाने ते २०२४ मध्ये मागे घेतलं. त्यावरून भांडायला जाल तर हात हलवत परत याल.

आणखी एक किस्सा. ऑफिसातल्या मैत्रिणीची गाडी कोथरूडच्या पार्किंगमध्ये उभी आणि मेसेज आला, शंभर किलोमीटरवरच्या नाक्यावर टोल कटल्याचा! टॅग रीड झाला नाही की कर्मचारी हाताने गाडीचा नंबर टाकतो. तिथे एक आकडा चुकला की भुर्दंड भलत्याच माणसाला. तिने बँकेकडे तक्रार केली, पाठपुरावा केला आणि पैसे परत मिळवले. अशा चुकीच्या वसुलीबद्दल टोल एजन्सींना लाखालाखाचा दंड केल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. चांगलंच आहे. पण तक्रार आली तरच दंड होणार ना?

गायीचं ‘हंबा’ आणि आपली प्रायव्हसी

आता थोडं न्यूयॉर्कला जाऊ. तिथे टोलसाठी ‘ई-झेडपास’ टॅग आहे. २०१३ मध्ये एका हॅकरने आपल्या टॅगला खेळण्यातली गाय जोडली. टॅग कोणी वाचला की गाय हंबरणार! तो शहरातून फिरला आणि जिथे टोलनाका नावालाही नाही, अशा भर मॅनहॅटनमध्ये गाय हंबरत राहिली. ट्रॅफिकचा वेग मोजण्यासाठी हे रीडर बसवले आहेत, असा खुलासा झाला. हेतू चांगला असेलही, पण टॅग घेणाऱ्यांना हे कुठे ठाऊक होतं? त्याआधी तिथे घटस्फोटाच्या खटल्यांतही टोलच्या नोंदी पुरावा म्हणून आल्या होत्या. ‘ऑफिसात उशिरापर्यंत होतो’ म्हणणाऱ्या नवऱ्याची गाडी दुसऱ्याच राज्यात सापडायची!

आपल्याकडेही तुम्ही कधी, कुठल्या नाक्यावरून गेलात याची नोंद बँकेकडे असतेच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मात्र मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही कायद्यात आहे. दुसरीकडे दांडा नसलेल्या टोलची तयारी चालू आहे. गाडी न थांबता जाणार, वर कॅमेरा आणि रीडर. म्हणजे चूक झाली तर ‘अहो दादा’ म्हणायला खिडकीत माणूसच नसणार.

मला स्टिकर नको असं अजिबात नाही. रांगेत घालवलेले माझे कित्येक तास त्याने वाचवलेत. पण ज्या काळजीने टॅग स्वस्त केला, त्याच काळजीने टॅगवाल्याची तक्रारही सोपी करा ना! कोणता डेटा किती दिवस ठेवणार, तेही साध्या मराठीत सांगा. पैसे कापल्याचा मेसेज सेकंदात येतो, तर चुकून कापलेले पैसे परत यायला आठवडे का लागावेत?

निघण्यापूर्वी...

• टोलचा प्रत्येक मेसेज वाचा. न केलेल्या प्रवासाचे पैसे कटले तर टॅग देणाऱ्या बँकेकडे लगेच तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

• टॅग हातात धरून दाखवू नका, काचेवर नीट चिकटवा. सुटा टॅग काळ्या यादीत जाऊ शकतो.

• टॅग नसेल किंवा चालत नसेल, तर राष्ट्रीय महामार्गांवर नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमाने यूपीआयसाठी सव्वापट आणि रोखीसाठी दुप्पट टोल ठरवला होता.

• ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे राज्याच्या महामंडळाचा, तिथे तो चालत नाही.

• गाडी विकताना टॅग बंद करायला विसरू नका. नाहीतर फिरणार नवा मालक आणि मेसेज येणार तुम्हाला!